मापसाहेबांचं कूलंट

मापसाहेबांनी गाडीचं कूलंट बदलायचं ठरवलं ते शनिवारी सकाळी, आणि वहिनींनी बहिणीकडे जायचं ठरवलं होतं ते रविवारी सकाळी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं मापसाहेबांचं प्रामाणिक मत होतं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी नजरेला नजर भिडवून तसं सांगितलं असतं. पण विचारलं कुणीच नाही, आणि त्याचाच त्यांना थोडा राग आला.

मापसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. दुकानदारांची वजनं उलटी करून बघायची, लिटरच्या मापाला आतून बोट लावून बूड वर उचललेलं तर नाही ना ते चाचपायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, पण बोट सुटलं नाही. दूधवाला आला की ते दारात हजर. पेट्रोल भरायला गेले की गाडीतून उतरून आकड्यांकडे अशा नजरेनं बघत उभे राहायचे, की पंपावरचा माणूस न विचारताच दोनदा शून्य दाखवायचा. इमारतीतल्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं, मोठ्यांनी ते उचललं, आणि एकदा टपालवाल्यानं जिन्यातून त्याच नावानं हाक मारली तेव्हा मापसाहेबांनी ओ दिली.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. ज्या वयात बाकीच्या बायका गुडघ्याला पट्टा बांधायला लागतात, त्या वयात वहिनी गाडी शिकल्या. मापसाहेबांना वाटलं, हौस आहे, फिटेल. ती फिटली नाही. परवाना मिळाला, त्यावरचा फोटोही बरा आला, आणि वहिनी भाजी आणायला गाडी काढू लागल्या. मापसाहेब शेजारच्या सीटवर बसत. तिथे ब्रेक नसतो, पण मापसाहेब तो दाबत असत, आणि त्या जागची पायाखालची चटई झिजून पार पातळ झाली होती.

वहिनींची थोरली बहीण दुसऱ्या गावात एकटी राहायची. रस्ता तसा सरळ होता, पण लांबचा. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं तेव्हा तिनं फोन करून सांगितलं, तू ये, एकटी ये, त्यांना आणू नकोस, ते माझ्या औषधाच्या बाटल्या उजेडात धरून बघत बसतात. वहिनी निघणार होत्या. त्याच्या आदल्या दिवशी मापसाहेबांच्या लक्षात आलं की मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे करायला हवेत. ते करताना एक नट हरवला. ऑपरेशन वहिनींशिवाय झालं. मग बहिणीला हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते तेव्हा वहिनी पुन्हा निघाल्या, आणि मापसाहेबांना बॅटरीचा संशय आला. त्यांनी ती काढून तपासायला दिली. बॅटरी ठणठणीत निघाली, मात्र परत मिळेपर्यंत बहीण कुणाच्या तरी गाडीतून घरी पोचलीसुद्धा. दोन्ही वेळा ती फोनवर म्हणाली, असू दे गं. दुसऱ्या वेळचं ते ‘असू दे’ वहिनींनी फोन ठेवल्यावरही बराच वेळ ऐकलं. आता तिसऱ्यांदा, चार दिवसांसाठी जायचं ठरलं होतं. या खेपेला आपण गेलो नाही तर ती पुन्हा बोलावणार नाही, हे त्यांना न सांगता कळलं होतं. आणि आता गेलो नाही तर आपणही पुन्हा निघणार नाही, हेही कळलं होतं.

तर शनिवारी चहा पिताना मापसाहेब म्हणाले की रस्ता लांबचा आहे, इंजिन तापेल, कूलंट जुनं झालंय, आणि तू उद्या निघणार म्हटल्यावर हे आजच व्हायला हवं. सगळं बोलणं तिच्या काळजीनं ओथंबलेलं होतं. गॅरेजमध्ये का देत नाही, असं वहिनींनी विचारलं. गॅरेजवाले निम्मं जुनं तसंच आत ठेवतात, नव्याचं झाकण उघडून वास देतात आणि गिऱ्हाईकाला वाटेला लावतात, हे मापसाहेबांनी त्यांना समजावलं. हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण मापात मारणार नाही असा माणूस त्यांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता. शिवाय त्यांनी फोनवर व्हिडिओ बघितले होते. त्यातला एक त्यांना न येणाऱ्या भाषेत होता आणि तोच त्यांना सगळ्यात जास्त पटला होता.

वहिनींनी एवढंच विचारलं की संध्याकाळपर्यंत होईल ना. मापसाहेब म्हणाले, दुपारच्या आत.

या घरात काम करायची एक पद्धत होती. काम मापसाहेब करत आणि वहिनी धरत. उजेडाची बॅटरी धरायची, स्टूल धरायचं, काढलेले स्क्रू ओंजळीत धरायचे, मोजपट्टीचं दुसरं टोक धरायचं. नवऱ्यानं घरात काही दुरुस्त केलं असं म्हणतात तेव्हा शेजारी कुणीतरी तासन्‌तास काहीतरी धरून उभं असतं, पण ते म्हणायची पद्धत नाही. वहिनींनी लग्नापासून इतका उजेड धरला होता की वीजमंडळानं दखल घ्यावी. त्या दिवशीही त्या ओढणी खोचून बॅटरी घेऊन खाली आल्या, दिवसाढवळ्या.

गाडी इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत उभी होती. मापसाहेबांनी बॉनेट उघडलं. उघडलेल्या बॉनेटमध्ये काय जादू असते कोण जाणे, पण ते दिसलं की आसपासचे पुरुष हातातली कामं टाकून येतात, कमरेवर हात ठेवतात आणि आत बघत मान हलवतात. तळमजल्यावरचे विमावाले आधी आले. तिसऱ्या मजल्यावरचे भूगोलाचे सर गॅलरीतून बघत होते, त्यांना तिथून नीट दिसेना म्हणून तेही उतरले. दोघांनी आत बघून मान हलवली. विमावाल्यांनी विचारलं, कूलंट हिरवं घालणार की गुलाबी. त्यांच्या मेव्हण्यानं हिरवं घातलं होतं आणि त्याला पुढे बराच त्रास झाला होता, अर्थात त्रास यकृताचा होता. सर म्हणाले की त्यांच्या काळी नळाचं पाणी घालत आणि गाड्या डोंगर चढत. मापसाहेबांनी दोघांचंही ऐकून घेतलं, कारण प्रेक्षक हवेच होते.

मग त्यांनी पिशवीतून ते काढलं. निवृत्तीच्या वेळी खात्यातल्या लोकांनी त्यांना एक पितळी लिटरचं माप भेट दिलं होतं, शिक्का मारलेलं, तंतोतंत. ते दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असे आणि वहिनी ते चिंचेनं घासत. आज ते गाडीपुढे फरशीवर ठेवलेलं पाहून वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मापसाहेब म्हणाले की काम साधं आहे. जेवढं बाहेर येईल तेवढंच आत गेलं पाहिजे. थेंब इकडे तिकडे झाला तर समजायचं की कुठेतरी पाणी मुरतंय. व्हिडिओतला एकही माणूस बाहेर आलेलं मोजत नव्हता, आणि इथेच जगाचं चुकतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, मग गाडीखाली सरकून खालचा, कूलंट सोडायचा प्लास्टिकचा खटका सैल केला. जुनं कूलंट सुरुवातीला नाजूकपणे आणि मग भसकन आलं, थोडं टबात, थोडं मापसाहेबांच्या बाहीत. कधीकाळी ते हिरवं असावं, आता त्याला चहाचं भांडं धुतलेल्या पाण्याचा रंग होता. वहिनी वाकून उजेड धरत होत्या. इमारतीतलं मांजर वास घेत आलं तेव्हा मापसाहेब गाडीखालून ओरडले की त्याला हाकला, हे चवीला गोड असतं आणि प्यायलं की जीव जातो. एवढं मात्र त्यांना नक्की ठाऊक होतं. वहिनींनी मांजर उचलून जिन्यात नेऊन ठेवलं आणि परत येऊन पुन्हा उजेड धरला.

टबातलं कूलंट मापसाहेबांनी पितळी मापानं मोजत झाकणाच्या बादलीत ओतलं. पाच मापं भरली आणि वर थोडं उरलं. मग डिस्टिल्ड पाण्यानं आतून एकदा खळबळून घेतलं, तेही काढून टाकलं, खटका घट्ट केला, आणि नव्या डब्याचं सील तोडलं. ते गुलाबी निघालं. विमावाल्यांचा चेहरा उजळला. एक माप गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, चौथं अंमळ सावकाश गेलं. पाचवं ओतायला घेतलं आणि निम्म्याच्या आत रेडिएटर तोंडापर्यंत भरून आला.

मापसाहेब थांबले. हातातल्या मापाकडे बघितलं, रेडिएटरच्या तोंडाकडे बघितलं. बोटानं बॉनेटवर टकटक केलं. पुन्हा थेंबभर ओतलं, ते वरून सांडलं. पाच आणि वर थोडं बाहेर आलं होतं, आत साडेचारसुद्धा जात नव्हतं. उभ्या हयातीत त्यांनी शेकडो दुकानदारांना याच चुकीसाठी घाम फोडला होता, आणि आज त्यांच्या स्वतःच्या मापात घट आली होती, तीही चार लोकांसमोर.

त्यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणतात. विमावाल्यांचं मत पडलं की आत कुठेतरी गाळ बसलाय आणि त्यानं जागा खाल्ली. मग आधी जास्त कसं मावलं होतं, असं सरांनी विचारलं आणि स्वतः जमिनीच्या उताराकडे बोट केलं. इकडची जमीन मुळात पूर्वेकडे कलते, हे त्यांनी पावसाळ्यात गॅलरीतून पाहिलं होतं. विमावाले म्हणाले की उतार असता तर मांजर घसरलं असतं. मापसाहेबांनी डब्यावर संशय घेतला, उरलेलं कूलंट मोजून पाहिलं, डबा चोख निघाला. मग त्यांनी मापावर संशय घेतला, म्हणजे आपल्याच खात्यावर, आणि आतून बोट लावून बूड चाचपलं. वहिनींनी ते पाहिलं आणि तोंड फिरवून हसू दाबलं. शेवटी मापसाहेब गाडीखाली आडवे झाले. खाली सगळं कोरडं होतं.

ते तिथे जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ पडून राहिले. गाडीखाली गार होतं आणि बायकोच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. त्या जागच्या हलत नव्हत्या. आणि तिथे पडल्यापडल्या त्यांना एकदम बरं वाटलं. बिघाड आहे. गाडी काढता येणार नाही. यात आपण काही केलं नाही, उलट आपण होतो म्हणून वेळीच कळलं. ते बरं वाटणं इतकं खरं होतं की त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली, पण गाडीखाली ती बघायला कुणी नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि निकाल दिला. आत काहीतरी मोठं आहे. उद्या गाडी निघणार नाही. सोमवारी गॅरेजमध्ये ओढून नेऊ. विमावाल्यांनी आणि सरांनी मान हलवली, कारण ओढून न्यायचं म्हटलं की कामाला वजन येतं.

वहिनींनी बॅटरी बंद केली. मग त्यांनी विचारलं की गाडी सुरू न करताच मोठं काहीतरी आहे हे कसं कळलं. मापसाहेब म्हणाले की हे तुला कळणार नाही. व्हिडिओत सगळे जण झाकण उघडं ठेवून, हीटर फुल लावून गाडी सुरू करत होते, ते कशासाठी, असं वहिनींनी विचारलं. मापसाहेब शेजारी बसून बघत होते म्हणजे त्याही बघतच होत्या, फोन वहिनींनीच धरला होता.

मापसाहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण त्यासाठी एक माणूस आत सीटवर लागतो आणि एक बाहेर रेडिएटरच्या तोंडाशी, आणि त्यांना दोन्हीकडे स्वतःच असायचं होतं. विमावाले आत बसायला तयार झाले, त्यांनी हातही पुसले. वहिनींनी बॅटरी त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही हे धरा, भावजी. मी बसते."

त्या चालकाच्या सीटवर बसल्या, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. गाडी जागेवरच राहणार होती तरी आरसा नीट केला. इंजिन सुरू झालं. उन्हं वर आली होती आणि वहिनींनी हीटर शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला. तोंडावर गरम झोत यायला लागला. कपाळावरून घाम निथळून हनुवटीवर आला, त्यांनी तो पदरानं पुसावा तसा ओढणीनं पुसला आणि समोरच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून बसल्या.

बाहेरून मापसाहेबांनी विचारलं की काटा कुठे आहे. खालच्या रेघेच्या वर, असं वहिनींनी सांगितलं. मापसाहेबांनी ते ऐकलं, आणि येऊन खिडकीतून मान घालून पाहिलं. काटा खालच्या रेघेच्या वर होता. परत तोंडाशी गेले. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मध्याच्या जवळ, वहिनी म्हणाल्या. मापसाहेब पुन्हा आले, पुन्हा मान घातली, काटा मध्याच्या जवळ होता. कुणी सांगितलेलं माप त्यांनी आजवर मान्य केलं नव्हतं, आणि सवयी काही बायको बघून बदलत नाहीत. तिसऱ्या वेळी ते खिडकीत मान घालून काट्याची खातरजमा करत असताना पुढे भक्क असा आवाज झाला. रेडिएटरच्या तोंडातून गुलाबी कारंजं उडालं, ते सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं, आणि भूगोल तिथल्या तिथे दोन पावलं मागे सरकला.

मापसाहेब धावत पुढे गेले. तोवर कारंजं बसलं होतं आणि आतली पातळी हातभर नसली तरी चांगलीच खाली गेली होती. काय झालं ते त्यांना कळेना. पातळी होती, मग उडालं, आता नाही. त्यांनी भांबावून खिडकीकडे पाहिलं. वहिनी आतून त्यांच्याकडेच बघत होत्या, चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. आवाज मात्र शांत होता.

"अहो, तुम्ही तिकडचं बघा. इकडचं मी बघते आहे."

यात तशी काही विशेष गोष्ट नाही. बस कंडक्टर ड्रायव्हरला हेच सांगतो. पण मापसाहेबांना ते असं काही लागलं की ते खिडकीकडे जायचे थांबले. ते रेडिएटरवर वाकले आणि पहिल्यांदाच आत नीट पाहिलं. बुडबुडे येत होते. एक मोठा, मग बारीक बारीक पुष्कळ, आणि प्रत्येकाबरोबर पातळी जरा खाली बसत होती. आत हवा होती. नळ्यांमध्ये, हीटरमध्ये, सांदीकोपऱ्यांत हवा दडून बसली होती आणि कूलंटला जागा देत नव्हती. मापसाहेबांनी खोटी बुडं पकडली, पोकळ वजनं पकडली, मापात मेण लावणारे पकडले, पण त्यांच्या हिशेबात हवा धरलेलीच नव्हती. त्यांनी गुलाबी कूलंट हळूहळू ओतायला सुरुवात केली. वहिनी आतून काटा सांगत होत्या. मापसाहेब ऐकून मान डोलवत होते आणि जागचे हलत नव्हते, आणि हे किती अवघड जातंय ते त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं.

शेवटी पंखा घरघरत सुरू झाला. बुडबुडे थांबले. पाचवं माप पुरं आत गेलं आणि वरचं थोडंही गेलं, फक्त सरांच्या सदऱ्यावर गेलेलं धरलं नाही. मापसाहेबांनी फडक्यानं धरून झाकण बसवलं. वहिनींनी आधी हीटर बंद केला, मग इंजिन, मग डोळे मिटून नुसत्या बसून राहिल्या. विमावाले म्हणाले की त्यांना आधीपासूनच हवेचा संशय होता.

जेवणं झाली. मापसाहेब जेवताना फार बोलले. हवा कशी दडते, ती कशी हेरावी लागते, हे त्यांनी वहिनींना सविस्तर सांगितलं, जणू वहिनी त्या वेळी दुसरीकडे कुठे होत्या. वहिनींनी ऐकून घेतलं आणि त्यांना भात वाढला. जेवल्यावर त्या बराच वेळ आतल्या खोलीत होत्या. मापसाहेब आडवे झाले आणि त्यांना डोळाही लागला.

इंजिन पुरतं थंड झाल्यावर दोघं पुन्हा खाली गेली. बाजूच्या पांढऱ्या टाकीतली पातळी दोन रेघांच्या बरोबर मधे होती. खाली फरशी कोरडी होती. शोधूनही काही सापडेना तेव्हा मापसाहेब म्हणाले की एक चक्कर मारून बघायला हवी, त्याशिवाय खात्री नाही, आणि सवयीनं चालकाच्या दाराशी गेले. वहिनी आधीच आत बसल्या होत्या.

"बसा तिकडून," त्या म्हणाल्या.

मापसाहेब तिकडून बसले. वहिनींनी गाडी फाटकातून काढली, बाजारापर्यंत नेली, शाळेच्या कोपऱ्यावरून वळवली. सायकलवाला आडवा आला तेव्हा मापसाहेबांनी चटईवर पाय दाबला आणि गाडी थांबली, पण त्या दोन गोष्टींचा खरोखरच काही संबंध नव्हता. काटा मधल्या रेघेवर ठाम होता. मापसाहेबांनी तो मान वाकडी न करता, हळूच पाहिला. चढावर पाहिला, वळणावर पाहिला. काटा काही ऐकेना.

परत आल्यावर वहिनींनी गाडी आत घेतली नाही. फाटकाबाहेरच बाजूला लावली आणि इंजिन सुरूच ठेवलं.

"उतरा तुम्ही. मी निघते," त्या म्हणाल्या. "बॅग मागे ठेवली आहे मी. तुम्ही झोपला होता तेव्हा."

मापसाहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते म्हणाले की जायचं उद्या ठरलं होतं. सकाळी निघणं चांगलं, रस्ता मोकळा असतो, आणि आता पोचेपर्यंत अंधार पडेल. वहिनी म्हणाल्या की अंधार पडायच्या आत त्या पोचतात, तसं त्यांनी बघून ठेवलंय. मग उद्याच का नको, आज असं काय अडलंय, असं मापसाहेबांनी विचारलं. आवाज थोडा चढला होता.

"उद्यापर्यंत थांबले तर तुम्ही ब्रेक ऑइल बदलायला काढाल," वहिनी म्हणाल्या.

मापसाहेबांनी बोलायला तोंड उघडलं. बायकोनं आपल्यावर असा आळ घ्यावा, आपण कुणासाठी राबलो, असं बरंच काही ओठांवर आलं होतं. पण ब्रेक ऑइलची बाटली त्यांनी कूलंटच्या डब्याबरोबरच आणलेली होती आणि ती पलंगाखाली जुन्या बुटांच्या खोक्यात होती. बाहेर शाळेच्या बाजूनं कुणीतरी हॉर्न वाजवला, वहिनींनी आरशात बघून गाडी थोडी आणखी कडेला घेतली.

"आणलंय मी ते," मापसाहेब म्हणाले.

"ठाऊक आहे. खोली मी झाडते."

मापसाहेबांनी दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि तसेच बसून राहिले. त्यांच्या नखांत अजून गुलाबी रंग होता. टायर, बॅटरी, कूलंट, सगळं त्यांना ओळीनं आठवलं, आणि प्रत्येकाच्या मागे दडून बसलेलं एकच काहीतरी दिसलं. ते आजवर त्यांनी मोजलं नव्हतं, कारण मोजलं असतं तर सांगावं लागलं असतं. तिच्या गाडी चालवण्याची त्यांना कधीच भीती नव्हती. ती बरी चालवायची, ते त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

"तू गेलीस आणि तुला माझ्यावाचून जमलं, तर मग मी काय करायचं," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "त्याची भीती वाटते मला."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नापासून त्यांनी या माणसाला उजेड धरला होता, पण तो स्वतःहून असा कधी दिसला नव्हता. त्यांना त्याची दया आली, आणि मायाही वाटली, आणि क्षणभर गाडी बंद करून घरात जावं असंही वाटलं. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले.

"मला आज जमणार आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय करायचं ते तुम्ही बघा. चार दिवस आहेत तुम्हाला."

मापसाहेब उतरले. दार नीट लागलं का ते त्यांनी ओढून पाहिलं, लागलं होतं. पोचल्यावर फोन कर, असं म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तोवर गाडी हलली. कोपऱ्यावर मागेपुढे कुणी नसतानाही वहिनींनी वळण्याचा दिवा लावला, आणि वळल्या. मापसाहेब फाटकाशी उभे राहिले. गॅलरीतून सरांनी विचारलं की वहिनी कुठे निघाल्या, आणि गाडीचं शेवटी काय झालं.

"बहिणीकडे," मापसाहेब म्हणाले. "गाडीला काही झालेलं नव्हतं."